पाय बघा

आधीच माफी मागून ठेवते. माझं अक्षर चांगलं नाही, ओळी लिहिता लिहिता खाली उतरत जातात, आणि ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं हे मला कधी उमगलं नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली. ही वही माझ्या लेकीची, प्रज्ञाची आहे. मागची पानं कोरी राहिली होती म्हणून घेतली. कुणाच्या हाती पडलीच तर चुका पोटात घालाव्यात, नाहीतर वही चुलीपाशी ठेवून द्यावी. पेटवायला कागद लागतोच.

परवा वडीगोद्रीच्या बाजाराला गेले होते. हायवेच्या कडेला एका दुकानात मोठा टीव्ही लावलेला असतो, गिऱ्हाईक थांबावं म्हणून. मी मीठ घेत होते. तेवढ्यात खो-खोची जाहिरात लागली. सामने पुन्हा सुरू होणार आहेत म्हणे. ढोल वाजले, पोरी धावल्या, आणि मग डोक्यावर घागर घेतलेली एक बाई हळूहळू चालत आली. पोपटी साडी, पदर खोचलेला, नजर खाली. मागं सारंगीसारखं काहीतरी रडत होतं. ती बाई मी. दुकानदारानं तिच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि पुडी बांधून दिली. त्यानं ओळखलं नाही. उरलेले पैसे घ्यायचे विसरून मी तशीच निघाले.

घरी येईपर्यंत एकच मनात होतं. म्हणजे यंदाही तेच दाखवणार.

दसरा झाला की आमच्याकडं कापूस फुटतो. सकाळी रानात जावं तर दव असतं, बोंडं ओली, हाताला गार लागतात. दहाच्या उन्हानंतर तीच बोंडं कोरडी होतात आणि त्यांची टोकं नखांच्या कडेला टोचतात. दिवाळीपर्यंत बोटं अशी होतात की कणीक मळताना झोंबतात. आम्ही अकरा-बारा बायका एका टोळीत असतो. कमरेला फडकं बांधायचं, वेचलेला कापूस त्यात टाकत जायचा. दुपारपर्यंत पोट पुढं येतं. मग शेवंताकाकू दरवर्षी तेच विचारते, "कितवा गं सुमन?" आणि मी दरवर्षी लाजते. काकू साठीची, आमच्या टोळीत सगळ्यात मोठी. जीभ तिची बोंडाच्या टोकासारखी. पण कुणाची ओळ मागं राहिली तर सगळ्यात आधी वळून तीच येते. आमच्यात तशी रीतच आहे. जिची ओळ आधी संपते ती मागे राहिलेलीच्या ओळीत समोरून शिरते, आणि वेचलेला कापूस स्वतःच्या नाही, तिच्या फडक्यात टाकते. संध्याकाळी काट्यावर जिचं गाठोडं तिचे पैसे. कुणी कुणाला किती वेचून दिलं हे कुणी विचारत नाही.

मला पळणं फार आवडायचं. शाळेच्या मागं पटांगण होतं. एका टोकाला कडुलिंबाचं झाड, दुसऱ्या टोकाला पुरलेली बल्ली, हे आमचे दोन खांब. मधे आठ पोरी बसायच्या, एक इकडं तोंड करून, एक तिकडं. जी धरायला धावते तिला मागं फिरता येत नाही, बसलेल्या पोरींच्या मधून जाता येत नाही. जी पळते तिला सगळीकडून जाता येतं. एवढाच नियम मला शाळेत पहिल्या दिवशी कळला. बाकीचं बरंचसं कळायचं राहून गेलं.

आमचे गुरुजी तेव्हा नवीन होते. पाढे शिकवायचे तसेच पळणं शिकवायचे. "तोंड बघू नका गं. तोंड खोटं बोलतं. पाय बघा." चौथीनंतर धाकट्या भावाला सांभाळायला मला घरी ठेवलं. गुरुजी एकदा घरी आले होते. दाराशी उभे राहून वडलांना म्हणाले, "पोरगी चांगली पळती." वडील म्हणाले, "पळून जाणार कुठं, गुरुजी?" दोघंही हसले. मी आत भावाला झोका देत होते. मला पुढं गावातच दिलं, त्यामुळं ते पटांगण रोज दिसत राहिलं.

गुरुजींचं खरं नाव गावात कुणी घेत नाही. लहान-थोर सगळे त्यांना माईकवाले गुरुजी म्हणतात. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं खो-खोचे सामने होतात, आसपासच्या गावांतल्या पोरी येतात. गुरुजी टेबलावर चढून माईक धरायचे. त्याचा कर्णा कडुलिंबाला बांधलेला असायचा. मी भाकरी थापत असले तरी मला सामना दिसायचा, इतकं ते नीट सांगायचे. "आता खांबाकडं चालली. पाय बघा! डावा टाकला, म्हणजे उजवीकडं वळणार. वळली का? न्हाई वळली! फसवलं! कोणाची लेक ही? आपल्या बाबूराव गवंड्याची. बाप भिंत सरळ बांधतो आन् लेक बघा कशी वाकडी पळती!" सगळं पटांगण हसायचं, बाबूरावसुद्धा. पण पोरीचं पाऊल कुणाच्या नजरेतून सुटायचं नाही. हरलेल्या गावच्या पोरीचंही नाव ते घ्यायचे, तिच्या बापाचंही.

मला वाटायचं सामना सांगणं म्हणजे हेच. टीव्ही घरी आला तेव्हा कळलं, तसं नसतं.

प्रज्ञाचे पप्पा जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात आहेत, आठवड्याला येतात. त्यांनी दिवाळीला टीव्ही आणला. प्रज्ञा तोवर पटांगणावर पळायला लागली होती. मी आणि ती मिळून खो-खो बघायला बसायचो आणि दोघींचा जीव वैतागायचा. पडद्याच्या खालच्या बाजूला गुणांची पट्टी, तिच्याखाली कुठल्याशा बनियनची पट्टी. पोरींचे गुडघे दिसायचे, पाऊल नाही. कुणी छान सूर मारला की तोच सूर चार बाजूंनी हळूहळू दाखवायचे. तो बघेपर्यंत इकडं पुढचे दोन गडी बाद झालेले असायचे. बोलणारे दोघं-तिघं असायचे. एक म्हणणार, "काय सुंदर," दुसरा म्हणणार, "अप्रतिम." काय सुंदर ते सांगायचे नाहीत. एकदा एक सिनेमातला नट त्यांच्यात येऊन बसला. त्याच्या नव्या सिनेमाचं बोलता बोलता अख्खा डाव संपला. प्रज्ञा उशी फेकायची. "आई, गुरुजींना बोलवा म्हणावं यांना!"

आणि खरंच बोलावलं की.

मराठीत सांगायला गावाकडचा आवाज पाहिजे होता म्हणे. कुणीतरी यात्रेतला व्हिडिओ पाठवला होता. गुरुजी रिटायर झाले होते. नवा कोट शिवून ते पुण्याला गेले त्या दिवशी गाव बसस्टॉपपर्यंत आलं होतं. आणि त्याच साली प्रज्ञाची निवड झाली, त्या टीव्हीवरच्या मोठ्या स्पर्धेतल्या एका संघात. लेक पळणार आणि गुरुजी सांगणार. मला वाटलं, यापेक्षा जास्त मागू नये.

सामन्यांच्या आधी टीव्हीवाले घरी आले. एक मॅडम, अंगानं बारीक, गोड बोलणाऱ्या, आणि दोन कॅमेरावाले. मॅडमनी घर पाहिलं. ते पाहताना त्यांचं तोंड जरा उतरलं असं मला वाटलं. घर बांधलेलं आहे, फरशी आहे, दाराशी नळ आहे.

"ताई, पाणी कुठून आणता?"

"नळाला येतं."

"आधी कुठून आणायचात?"

"हिरीवरून. पण ती तर आता जाळी टाकून बंद केली."

"तसं एकदा करून दाखवाल का? फक्त चालायचं. प्रज्ञासाठी."

माझ्या तोंडून न्हाई निघत नाही. लहानपणापासून नाही निघत. प्रज्ञासाठी म्हटल्यावर तर जीभच उचलेना. आमच्याकडं प्लास्टिकचे हंडे, ते चालेनात. शेवंताकाकूच्या घरून तांब्याची घागर आणली. रिकामी घागर घेऊन चालले तर मॅडम म्हणाल्या, चाल खोटी दिसते, भरून घ्या. मग आम्ही घागर आमच्याच नळावर भरली, ती विहिरीपर्यंत नेली, आणि तिथून पुन्हा घरी आणली. असं पाच वेळा. पाचव्या वेळी माझी मान खरंच दुखायला लागली. मॅडम म्हणाल्या, "आता छान आलं."

जाताना त्यांनी मला मिठीच मारली. मी घागर पुसून काकूला परत दिली. काकू म्हणाली, "हे काय सोंग करून राह्यली तू?" मी म्हटलं, "काय म्हाईत." मला खरंच माहीत नव्हतं. ते सोंग कशाच्या जागी बसवणार आहेत हे कुणालाच माहीत नव्हतं.

सामना आठ दिवसांवर आला आणि आमची छत्री वाऱ्यानं वाकडी झाली. घरावरची डिशची छत्री. ती दुरुस्त करायची, खेळांच्या चॅनलचं वेगळं रिचार्ज मारायचं, सगळं मिळून खर्च बराच होता. प्रज्ञाच्या पप्पांचा पगार व्हायचा होता. मी कधी कुणाकडं काही मागितलेलं नाही. पण त्या दिवशी दुपारी बांधावर भाकरी खाताना मी बोलले. एवढ्या बायकांसमोर मी पहिल्यांदाच बोलत होते. कान गरम झाले होते. म्हटलं, शंभर-शंभर रुपये द्या, टीव्ही अंगणात काढते, सगळ्या मिळून बघू.

रजियाभाभी लगेच म्हणाली, "देंगे ना. अपनी बच्ची है. पण बसायला चटई तू दे हां, मी गुडघ्याची दुखी."

शेवंताकाकूनं भाकरीचा घास तसाच धरला. "आन् दिसली न्हाई तर?"

"दिसंल की काकू."

"टीव्हीचं काय खरं हाय का? मागं मुख्यमंत्री आल्ते तवा मी पुढं उभी होते. माझा पदर दिसला नुस्ता."

बायका हसल्या. मला काय झालं कोण जाणे, मी ठासून म्हटलं, "प्रज्ञा पळताना न्हाई दिसली तर एकेकीचे पैसे परत. माझा शब्द."

"बापरे!" काकू म्हणाली. "सुमन बोलली. द्या गं बायांनो, आता द्यावंच लागतंय."

अकराजणींनी दिले.

सामन्याच्या दिवशी दुपारनंतर आम्ही खाडा केला. कापूस उभा होता, मालक कुरकुरत होता, तरी कुणी गेलं नाही. अंगण सारवलं, चटया टाकल्या. टीव्ही खुर्चीवर, त्याला ऊन लागू नये म्हणून वरून माझीच साडी बांधली, ती पोपटी. गुरुजींचा आवाज आला तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या. तोच आवाज. कोट दिसला. रजियाभाभी म्हणाली, "दूल्हा दिसतायत गुरुजी."  

पहिले डाव बरे गेले. पट्टी होतीच, बनियन होतंच. पण गुरुजी अधूनमधून पायांचं सांगत होते, आणि मी काकूंना म्हणत होते, ऐका, ऐका. शेवटचा डाव आला. समोरच्या संघाला थोडेच गुण पाहिजे होते. आपल्या तीन पोरी मैदानात उतरल्या, त्यातली एक प्रज्ञा. एक बाद झाली. दुसरी खांबावर सापडली. प्रज्ञा एकटी राहिली. मी तिला मैदानाच्या मधोमध एक हूल देताना पाहिलं. डावा पाय टाकला आणि उजवीकडं गेलीच नाही. ते आमच्या पटांगणावरचं होतं. माझ्या तोंडून गुरुजींचे शब्द निघाले, "पाय बघा."

आणि पाय गेले. पडद्यावर घागर आली.

विहिरीची वाट, पोपटी साडी, सारंगी. आणि गुरुजींचा आवाज, पण तो आता कागदासारखा सपाट झाला होता. "या लेकीची माय आजही मैलोन् मैल पाणी वाहते. दुष्काळी माती, कोरडी विहीर. पोटाला चिमटा काढून या माउलीनं लेकीला..." आमच्या गल्लीपासून दोन गल्ल्या पलीकडं राहणारा माणूस हे बोलत होता. नळाच्या पाण्याचा नारळ फुटला तेव्हा त्यांनीच माईकवर भाषण केलं होतं.

अंगणात कुणी हललं नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "आता येईल, आता येईल." घागर विहिरीवरून घरी चालत होती. मीच चालत होते, आणि मलाच वाटत होतं, अगं सरक, बाजूला हो, माझी पोरगी मागं पळतीय.

परत मैदान दिसलं तेव्हा प्रज्ञा बाहेर उभी होती. हात गुडघ्यावर, छाती भात्यासारखी. पोरी तिची पाठ थोपटत होत्या. खाली आकडा आला, दोन मिनिटं पन्नास सेकंद. एवढा वेळ ती पळली होती. तेवढ्यानंच सामना वाचला, संघ जिंकला. मग त्यांनी ती शेवटी बाद कशी झाली ते दाखवलं. चारदा दाखवलं. चार बाजूंनी. माझी लेक दोन मिनिटं पन्नास सेकंद कुणाच्या हाती लागली नाही, आणि आम्ही पाहिली ती चारदा हाती लागलेली.

बायकांनी टाळ्या वाजवल्या, गूळ-शेंगदाणे वाटले. शेवंताकाकू उठताना कमरेवर हात ठेवून म्हणाली, "जळो मेलं. माझी घागर टीव्हीत आली आन् पोरगी न्हाई आली."

सगळ्या हसल्या. मीही हसले. आत जाऊन चुलीपुढं बसले आणि मग मला हसू आवरेना की रडू, कळेना.

प्रज्ञाचा फोन आला. मागं केवढा गोंगाट होता. "आई, पाह्यलं का? मी कशी पळले?"

मी म्हटलं, "पाह्यलं. लई भारी पळली."

"ती खांबापाशी हूल दिली ती पाह्यली?"

"पाह्यली ना."

आयुष्यात मी लेकीशी फार खोटं बोललेली नाही. हे बोलले. ती इतकी खूश होती की तिथं न्हाई म्हणता आलं नाही. पुन्हा तेच, न्हाई निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी रानात मी पैशांचं काढलं. माझ्याजवळ रोकड नव्हती, म्हणून म्हटलं, रोज एकीला दहा किलो कापूस वेचून देते. किलोला दहा रुपये मिळायचे, दहा किलोचे शंभर. यावर भांडणच लागलं.

"अगं दिसली ना!" रजियाभाभी म्हणाली. "नाम आया, फोटू आया. कशाचे पैसे?"

"पळताना दिसली का?" मी विचारलं.

"थोडी दिसली की."

"भाभी, ती एकटी राहिल्यावर दिसली का?"

भाभी कमरेचं फडकं आवळायला लागली. खरं बोलायची सवय तिला आहे. काकू लांबून म्हणाली, "देऊ दे गं. तिनं शब्द दिल्ता. टीव्हीवाल्यांनी न्हाई पाळला, निदान तिला तरी पाळू दे."

मग रोज संध्याकाळी काट्यावर जायच्या आधी मी माझ्या गाठोड्यातला दहा किलो कापूस काढायचे आणि एकीच्या गाठोड्यात घालायचे. एरवी आम्ही एकमेकींना किती दिलं ते मोजत नाही. हे मात्र मी मोजून दिलं. मोजून देताना कापूससुद्धा जड लागतो. कुणी घेताना खाली बघायची, कुणी म्हणायची राहू दे. सातजणींचे फिटले आणि कापूस संपत आला. थंडी वाढली, बोंडं किडकी निघायला लागली, दिवसभरात दहा किलो स्वतःला होईनात. चौघींचे राहिले.

गुरुजी गावी आले ते हुरड्याच्या दिवसांत. मी त्यांच्या घरी जाणार नव्हते. तेच रानात आले, बांधावर उभे राहिले. कोट नव्हता, जुनाच सदरा. त्यांच्या कानावर पैशांचं गेलं होतं. म्हणाले, "सुमन, राहिलेले मी देतो. मला मानधन मिळालंय."

मी मान हलवली. तेवढं जमलं.

ते म्हणाले, "कानात बोलतात गं. कानात एक यंत्र घालतात. आता पाय सोडा, आता घरचं घ्या, असं सांगतात. समोर कागद ठेवतात. मी काय करणार?"

मला त्यांचा राग आला होता, पण त्याहून मोठी एक आशा होती. इतके दिवस मी ती जपून ठेवली होती. टीव्हीनं नाही दाखवलं, पण गुरुजी तिथं होते. मैदान त्यांच्यासमोर होतं. त्यांनी पाहिलं असणार. ते मला सांगतील, कर्ण्यावर सांगायचे तसं, आणि मी डोळे मिटून बघेन. म्हणून मी विचारलं. गुरुजींना मी कधी उलट प्रश्न विचारलेला नाही. "गुरुजी, ती एकटी राहिल्यावर कशी पळली? पायांचं सांगा ना."

 गुरुजींनी एक बोंड उगीच तोडलं.

"कागद वाचत होतो," ते म्हणाले. "वर पाहिलं तवा शिट्टी झाल्ती."

मी ओळीत वाकले आणि वेचायला लागले. ते थोडा वेळ उभे होते, मग गेले. बांधावरून जाताना त्यांचे पाय दिसत होते, मी ते पाहिले. म्हातारे झालेत.

मॅडमवर मी रागावले, पण त्या परक्या. चॅनलवाल्यांना मी कोण? त्यांना घागर पाहिजे होती, त्यांनी घागर घेतली. पण ज्या माणसानं मला बघायला शिकवलं त्यानंच बघितलं नाही, हे मला अजून गिळवत नाही. आणि खरं लिहायचं तर त्या घागरीखाली डोकं माझं होतं. मी दाराशी उभी राहून एकदा न्हाई म्हटलं असतं तर त्यांच्याजवळ त्या वेळी दाखवायला काही नसतं. नाइलाजानं त्यांनी मैदान दाखवलं असतं.

प्रज्ञा होळीला आली. तिनं मोबाईलवर तो सामना लावला. मी भांडी घासत होते. मला सारंगी ऐकू आली आणि हात थांबले. ती बाहेर आली, मोबाईल तसाच हातात.

"आई, तू काय पाह्यलं मंग?"

मी राखेचा हात तसाच धरून बसले. म्हटलं, "घागर पाह्यली."

ती रागावेल असं वाटलं होतं. ती माझ्याजवळ खाली बसली आणि भांडी विसळायला लागली. मी म्हटलं, "तूच सांग, कशी पळली."

"मला काय दिसतं गं पळताना? मागून श्वास येतो नुस्ता. खांब दिसतो. बाकी काय आठवत न्हाई." थोड्या वेळानं म्हणाली, "कुणीतरी पाह्यलं असंल की. एवढे लोक होते."

त्या कुणातरीचा मी अजून कधी कधी विचार करते. वरच्या रांगेत बसलेला, शेंगा खाणारा, माझ्या लेकीचं नावही माहीत नसलेला कुणी. त्यानं पाहिलं असेल.

यंदा कापूस चांगला आहे. बोंडं टपोरी, दव भरपूर. राहिलेल्या चौघींपैकी तिघींचे दिवाळीआधी फिटले. प्रज्ञा यंदाही संघात आहे, गुरुजी यंदा घरीच आहेत. त्यांना पुन्हा बोलावलं नाही म्हणे. गावातले लोक हळहळतात. मला काय वाटतं ते मला नीट सांगता येत नाही. यात्रेला ते माईक धरतील तेव्हा मी ऐकेन की दार लावून घेईन, तेव्हा कळेल.

बाजारात जाहिरात दिसली ते मी काल दुपारी बांधावर सांगितलं. रजियाभाभीनं कानावर हात ठेवले. "फिरसे घागर?" शेवंताकाकू चटणी चाटत म्हणाली, "यंदा टीव्ही बिलकुल नको. जीप करायची. सामना जिथं असंल तिथं जायाचं. सगळ्यांनी शंभर काढायचे, कमी पडले तर दोनशे. सुमे, तू पुढं बसायचं."

"काकू, तुमचे तर मागचेच राहिलेत."

"मंग दे की. माझी घागर फुकट वापरली, तिचं भाडं मी मागत न्हाई ते नशीब समज."

संध्याकाळी ऊन कलल्यावर काट्याभोवती सगळ्या जमल्या. मी माझं गाठोडं सोडलं आणि काकूच्या फडक्यात कापूस घालायला लागले. काकूनं मधे हात घातला नाही, राहू दे म्हटलं नाही. फडक्याची दोन टोकं धरून उभी राहिली आणि मला भरू दिलं. मग गाठ मारून तिनंच ते वेगळं गाठोडं काट्याला अडकवलं. काटा खाली गेला, वर आला, थोडा थरथरला आणि थांबला.

"किती?" मी विचारलं.

काकूनं डोळे बारीक करून पाहिलं. "दहा. बराबर."

माझे सगळे पैसे फिटले.